शौचातून जड धातूंची तपासणी: नाशिककर वारंवार विचारतात ते प्रश्न

शिसं, पारा, आर्सेनिक आणि कॅडमियम यांच्या तपासणीबद्दल आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या हातात शौचाचा रिपोर्ट आधीच असतो आणि मनात धास्ती. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. दुसरं उत्तर बघायची गरज असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. मागच्या महिन्यात स्टूल रुटीन केली होती. धातू असते तर त्यात दिसले नसते का?

नाही. स्टूल रुटीनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली जंत, त्यांची अंडी, अमिबा, पू-पेशी आणि रक्तपेशी बघतात. ऑकल्ट ब्लडमध्ये डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधतात. शिसं किंवा पारा यांतल्या कशातच दिसत नाही. त्याची तपासणी वेगळी, यंत्र वेगळं आणि नमुना घ्यायची पद्धतही वेगळी.

२. शौचातला धातू मोजतात तरी कसा?

नमुना आधी वाळवतात. मग बंद भांड्यात नायट्रिक आम्ल घालून मायक्रोवेव्हच्या उष्णतेवर तो पूर्ण विरघळवतात. हा द्रव आयसीपी-एमएस नावाच्या यंत्रात जातो. तिथे आर्गॉन वायूच्या हजारो अंश तापलेल्या झोतात त्यातले अणू सुटे होतात, त्यांच्यावर विद्युतभार येतो आणि वस्तुमानानुसार ते वेगळे मोजले जातात. यंत्र फार संवेदनशील आहे, अब्जात काही भाग इतका धातूही ते पकडतं. आकडा वाळलेल्या शौचाच्या वजनावर दिलेला असतो, म्हणजे एका ग्रॅममागे किंवा किलोमागे किती. आकडा बरोबर आहे की नाही हा वाद सहसा नसतो. त्याचा अर्थ काय लावायचा, तिथे गाडं अडतं.

३. मग त्या आकड्याचा अर्थ काय? शौचात शिसं आहे म्हणजे अंगात शिसं आहे ना?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तोंडावाटे गेलेलं सगळं शिसं रक्तात उतरत नाही. मोठ्या माणसात साधारण दहा टक्के शोषलं जातं, उरलेलं आतड्यातून सरळ बाहेर पडतं. लहान मुलात मात्र निम्म्यापर्यंत शोषलं जाऊ शकतं. म्हणजे शौचात सापडलेलं बहुतेक शिसं हे अंगात न शिरलेलं शिसं असतं. रक्तात उतरलेल्या शिशापैकी काही भाग पित्तावाटे पुन्हा आतड्यात येतो, पण शौचाच्या रिपोर्टवरून हे दोन भाग वेगळे करता येत नाहीत. मेन रोडवरून किती गर्दी गेली हे मोजून दुकानात किती गिऱ्हाईक शिरलं हे सांगता येत नाही, तसंच हे.

आता याची उलटी बाजू बघा. एकाच घरात बाप आणि तीन वर्षांचा मुलगा शिशाची भेसळ असलेली एकच हळद खातात. मुलाच्या आतड्यातून जास्त शोषलं गेल्यामुळे खाल्लेल्यातला कमी वाटा त्याच्या शौचात उतरतो आणि रक्तात जास्त जातो. शौचाचा रिपोर्ट इथे नेमका जास्त धोक्यातल्या माणसाचा धोका कमी दाखवतो. म्हणून शिशासाठी शौच ही पहिली तपासणी म्हणून वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शौचातला आकडा रोजच्या जेवणावर हलतो. सोमवारचा आणि गुरुवारचा रिपोर्ट दुप्पट-तिपटीनं वेगळा आला, तरी अंगातला साठा तोच असू शकतो.

४. मग कोणत्या धातूसाठी नेमकी कोणती तपासणी करायची?

शिसं: शिरेतून घेतलेलं रक्त. जगभर हीच मान्य तपासणी आहे. रक्तातलं शिसं निम्म्यावर यायला साधारण महिना लागतो, त्यामुळे हा आकडा गेल्या काही आठवड्यांचा संपर्क दाखवतो. हाडांत साठलेलं शिसं मात्र वर्षानुवर्षं राहतं. बोट टोचून घेतलेल्या थेंबात त्वचेवरची धूळ मिसळू शकते, म्हणून तसा रिपोर्ट जास्त आला तर शिरेतल्या रक्तानं खात्री करावी.

आर्सेनिक: लघवी. रक्तातून आर्सेनिक काही तासांत निघून जातं, त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट फसवा ठरतो. तपासणीच्या आधी तीन-चार दिवस मासे, कोळंबी, खेकडे बंद ठेवावेत. त्यांतलं आर्सेनिक निरुपद्रवी प्रकारचं असतं, पण एकूण आकडा फुगवतं.

कॅडमियम: आताचा संपर्क बघायचा तर रक्त, वर्षानुवर्षांचा साठा बघायचा तर लघवी. कॅडमियम मूत्रपिंडात दशकानुदशकं मुक्काम ठोकतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात ते न ओढणाऱ्यापेक्षा साधारण दुप्पट असतं, म्हणून हा प्रश्न विचारल्याशिवाय रिपोर्ट वाचू नये.

पारा: वाफेतून किंवा क्षारातून गेलेला असेल तर लघवी. माशांतून येणारा मिथाइल पारा असेल तर रक्त किंवा केस. हा मिथाइल पारा शरीरातून मुख्यतः पित्तावाटे शौचातच पडतो. त्यामुळे शौचाच्या तपासणीला थोडाफार शास्त्रीय आधार आहे तो पाऱ्याच्या बाबतीत. पण तिथेही दातातली चांदी घोटाळा करते (प्रश्न ८).

५. पॅकेजमध्ये हेवी मेटल स्टूल होती म्हणून केली. शिसं आणि तांबं लाल रंगात आलंय. घाबरू का?

घाबरू नका, पण रिपोर्ट कपाटातही टाकू नका. लाल रंग कशाशी तुलना करून दिला आहे ते आधी बघा. शौचातल्या धातूंना आरोग्यावर आधारलेली, सर्वमान्य अशी सुरक्षित मर्यादा नाही. लॅब साधारणपणे आपल्याकडे आलेल्या नमुन्यांवरून पट्टा ठरवते. वरच्या पाच टक्क्यांना लाल करायचं ठरवलं, तर शंभरातले पाच जण धडधाकट असले तरी लाल येणारच.

तांब्याचं तर आणखी वेगळं आहे. शरीर नकोसं तांबं पित्तावाटे शौचातच टाकतं, तीच त्याची नेहमीची वाट. जस्त आणि मँगनीजही मुख्यतः शौचावाटेच बाहेर पडतात. शौचात तांबं दिसणं म्हणजे विषबाधा नव्हे. तांबं खरोखर साठतंय अशी शंका असेल, तर रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं तपासतात.

शिसं लाल आलं असेल तर रक्तातलं शिसं करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं, तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायचं. त्याच वर्षी अमेरिकेनं मुलांसाठी संदर्भाचा आकडा ५ वरून ३.५ वर आणला. इतकं कमी शिसं सुरक्षित आहे, असा आकडा कुणीच देत नाही.

६. रिपोर्ट नॉर्मल आलाय. म्हणजे काळजी मिटली ना?

मिटली असं म्हणता येत नाही. दोन महिन्यांपूर्वी थांबलेला संपर्क आज शौचात दिसणार नाही, पण हाडात किंवा मूत्रपिंडात त्याचा साठा असू शकतो. नाकावाटे गेलेली वाफ किंवा धूर तर आतड्याच्या वाटेनं गेलेलाच नसतो. काम किंवा लक्षणं शंका घेण्यासारखी असतील, तर प्रश्न ४ मधली योग्य ती तपासणी करा.

७. नमुना घरी कसा घ्यायचा?

लॅबनं दिलेल्या प्लॅस्टिकच्या डबीतच घ्यायचा. या डब्या धातूमुक्त असल्याची खात्री केलेली असते, औषधाची जुनी बाटली चालत नाही. कमोडमध्ये पडलेलं उचलू नका, त्यात पाणी, नळाचा गंज आणि टॉयलेट क्लीनर येतो. भांड्यावर स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवा. वर्तमानपत्र नको, त्याच्या शाईचाही भरवसा नसतो. लघवी आधीच करून घ्या म्हणजे ती मिसळणार नाही. स्टीलचा चमचा वापरू नका, डबीच्या झाकणाला असलेलाच चमचा वापरा. शेंदूर, कुंकू, काजळ किंवा शेतातलं औषध हाताळलं असेल तर आधी साबणानं हात धुवा, नखांसकट.

गेल्या आठवड्यात काय काय खाल्लं, कोणती औषधं घेतली, तेही डबीबरोबरच्या फॉर्मवर लिहा. ती जागा बहुतेक लोक कोरी सोडतात, आणि नेमकी तिथेच रिपोर्टची गुरुकिल्ली असते.

८. कोणत्या गोष्टींमुळे आकडा उगाच वाढतो?

बेरियम पाजून एक्स-रे काढला असेल तर बेरियम प्रचंड येतं. एमआरआयच्या वेळी शिरेतून रंगद्रव्य दिलं असेल तर गॅडोलिनियम दिसतं. आम्लपित्तावरच्या पातळ औषधांमुळे अ‍ॅल्युमिनियम वाढतं. पोटातल्या एच. पायलोरी जंतूवरच्या काही उपचारांत बिस्मथ असतं, तेही दिसतं. यांतलं काहीही नुकतंच झालं असेल तर तपासणी काही आठवडे पुढे ढकला.

दातात चांदी भरलेली असेल तर चावताना तिचे कण पोटात जातात. त्या भरणात पारा असतो. जितकी भरणं जास्त, तितका शौचात पारा जास्त, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. तो बहुतांश न शोषता बाहेर पडतो. केवळ या रिपोर्टवरून दात उकरून घेऊ नका. भरण ड्रिलनं काढताना उडणारी वाफच उलट जास्त त्रासाची.

९. सासूबाई वैद्यांकडचं भस्म घेतात. त्यांच्या रिपोर्टमध्ये शिसं फार जास्त आलंय.

नागभस्म म्हणजे शिशाचं भस्म. रससिंदूर, मकरध्वज, हिंगुळ यांत पारा असतो, हरताळ आणि मनशीळ ही आर्सेनिकची खनिजं. ज्या औषधात धातू मुद्दाम घातलेला आहे, ते घेणाऱ्याच्या शौचात तो सापडणारच. सासूबाईंचं रक्तातलं शिसं तपासा, सोबत हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन. पोटात कळा, घट्ट बद्धकोष्ठता, थकवा किंवा मनगट ढिलं पडणं यांतलं काही असेल तर त्याच दिवशी फिजिशियनला दाखवा.

हा एका वैद्यशास्त्राविरुद्धचा मुद्दा नाही. बोस्टनमधल्या दुकानांतून घेतलेल्या आयुर्वेदिक औषधांचा अभ्यास २००४ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात दर पाचांतल्या एका औषधात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. म्हणून पुडी कुठून आली, त्यावर उत्पादकाचं नाव आणि परवाना क्रमांक आहे का, हे विचारायलाच हवं. बिनलेबलाची पुडी घेऊ नये. पुडीतलं थोडं औषध जपून ठेवा. औषध तपासलं की उगम नक्की होतो, आणि रिपोर्टपेक्षा ते जास्त कामाचं.

१०. आम्ही पितळेची भांडी कल्हई करून वापरतो. त्यातून शिसं जातं का?

कल्हई शुद्ध कथलाची असेल तर नाही. अडचण होते ती कथलात शिसं मिसळलं तर. शिसं स्वस्त असतं आणि ते मिसळलेलं कथील लवकर वितळतं.

जुन्या नाशकात तांबट आळीच्या बाजूला कल्हई होताना उभं राहून बघा. भट्टीवर भांडं तापवतात, नवसागर टाकतात, पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं एका दमात फिरवतात. कांडी हातात मागून घ्या. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की कर्र असा बारीक आवाज येतो, शिसं मिसळलेलं असेल तर तो मंदावतो. कागदावर घासली आणि पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली तर शंका घ्या. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण चांगला कारागीर अशा विचारण्यानं रागावत नाही.

कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात चिंच, ताक, कढी, आमटी ठेवू नका. तिथे शिशापेक्षा तांब्याचा प्रश्न आधी येतो.

११. मी सराफ बाजारात डाग देण्याचं (दागिन्यांचे सांधे जोडण्याचं) काम करतो. कोणती तपासणी करू?

डाग देताना वापरतात त्या केडीएम मिश्रधातूत कॅडमियम असतं. डाग देताना ते वाफ होऊन नाकात जातं, म्हणून तुमच्यासाठी शौचाची तपासणी जवळपास निरुपयोगी आहे. लघवीतलं कॅडमियम क्रिएटिनिनच्या प्रमाणात करून घ्या, सोबत रक्तातलं कॅडमियम आणि लघवीतली सूक्ष्म प्रथिनं. कॅडमियमविरहित डाग वापरा. नुसता पंखा पुरत नाही, धूर ओढून बाहेर टाकणारी चिमणी हवी. डाग दिल्यावर रात्री ताप, खोकला, छातीत जखडल्यासारखं वाटलं तर सर्दी समजून झोपू नका, हॉस्पिटल गाठा. कॅडमियमच्या धुरानं फुफ्फुसात पाणी भरू शकतं, आणि सुरुवात अशी साधीच असते.

१२. आमची निफाडला द्राक्षबाग आहे. मोरचूद आणि चुना फवारतो. शौचात तांबं तपासावं का?

नको. कारण प्रश्न ५ मध्ये आहे. तुमचा धोका श्वासाचा आहे. मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचं हे बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षं फवारणाऱ्या पोर्तुगालच्या बागायतदारांच्या फुफ्फुसांत तांबं साठल्याचं १९६९ साली नोंदलं गेलं. मास्क, वाऱ्याची दिशा आणि फवारणीनंतर आंघोळ, या तीन गोष्टी कुठल्याही रिपोर्टपेक्षा मोलाच्या. धाप लागत असेल तर छातीचा एक्स-रे आणि श्वासाची तपासणी करा. द्राक्षावर इतर कीटकनाशकंही फवारली जातात, ती धातूंच्या तपासणीत दिसत नाहीत.

१३. मुलगा माती आणि भिंतीचे पोपडे खातो. त्याचे बाबा जुन्या बॅटऱ्यांच्या कामावर आहेत. शौच तपासू का?

रक्तातलं शिसं तपासा, आणि लवकर. उशीर करू नये असा या पानावरचा हा एक प्रश्न आहे. मुलांत शिसं जास्त शोषलं जातं, लोह कमी असेल तर आणखी जास्त. त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो आणि वरून काही दिसत नाही.

बाबांचे कामाचे कपडे घरात येऊ देऊ नका. कामावरच अंघोळ करून, कपडे बदलून यावं. ते कपडे वेगळे धुवा. फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा. घर जुनं असेल तर पोपडे धरलेली भिंत खरवडू नका, आधी झाका. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीचे थर भिंतीत आहेतच. पारंपरिक शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड असतो आणि सुरम्यात शिशाचं खनिज असू शकतं, दोन्ही मुलाच्या हाताला लागू देऊ नका. सुटी, भडक पिवळी हळद बदला. बाबांचंही रक्त तपासा. शिशाची विषबाधा हा कायद्यानं कळवावा लागणारा व्यवसायजन्य रोग आहे.

१४. सून गरोदर आहे, तिला भाजलेली माती खावीशी वाटते.

रक्तातलं शिसं आणि हिमोग्लोबिन, दोन्ही करा. गरोदरपणात हाडांतलं जुनं शिसं रक्तात येतं आणि नाळेतून बाळाला पोचतं. तिला रागावू नका. माती खावीशी वाटणं बरेचदा लोहाच्या कमतरतेबरोबर येतं, ती भरून काढली की ओढही कमी होते. कॅल्शियम चुकवू नका.

१५. एका ठिकाणी आधी गोळी देऊन मग लघवी-शौच तपासलं. आकडे भयंकर आलेत. आता चिलेशनचे (धातू बांधून अंगाबाहेर काढणाऱ्या औषधाचे) दहा डोस सांगितलेत.

थांबा. गोळीनं धातू ओढून बाहेर काढला की कुणाचाही आकडा वाढतो, आणि तो वाढलेला आकडा गोळी न घेतलेल्यांच्या पट्ट्याशी ताडला तर सगळेच आजारी ठरतात. अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल टॉक्सिकॉलॉजीनं अशी तपासणी ग्राह्य धरू नये अशी भूमिका घेतली आहे.

चिलेशन हे खऱ्या विषबाधेवरचं खरं औषध आहे. मुलांमध्ये ते साधारणपणे रक्तातलं शिसं प्रति डेसिलिटर ४५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त असताना सुरू करतात, तेही देखरेखीखाली. ईडीटीए या चिलेशनच्या औषधाचा चुकीचा प्रकार दिल्यानं रक्तातलं कॅल्शियम कोसळून २००३ ते २००५ या काळात अमेरिकेत तीन मृत्यू नोंदले गेले, त्यांत दोन मुलं होती. गोळी न घेता प्रश्न ४ प्रमाणे तपासणी करा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. पैसे आधी भरले आहेत, हे डोस घेण्याचं कारण होऊ शकत नाही.

१६. शौचाची तपासणी कधी उपयोगी पडते का मग?

संशोधनात पडते. माणसानं किती धातू खाल्ला आणि किती बाहेर टाकला याचा ताळा घालायचा असेल, तर शौच मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. थॅलियमच्या विषबाधेत प्रशियन ब्लू देतात, ते थॅलियमला आतड्यात धरून शौचावाटे काढतं, आणि ते निघतंय का हे शौच मोजून बघता येतं. आणि एखाद्या घरात तोंडावाटे धातू अजूनही जातोय का, याचा अंदाज रक्ताच्या रिपोर्टला जोड म्हणून मिळू शकतो. पॅकेजमध्ये सगळ्यांना सरसकट करण्याची ही तपासणी नव्हे.

१७. नाशिकमध्ये कुठे करावी?

नाव सांगत नाही, काय विचारायचं ते सांगतो. नमुना इथेच तपासणार की मुंबईला किंवा परराज्यात पाठवणार? बहुतेकदा पाठवतात, त्यात काही गैर नाही. जिथे तपासणार त्या लॅबच्या एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) यादीत हीच तपासणी, याच नमुन्यासाठी आहे का? लॅबला मान्यता असणं आणि त्या तपासणीला मान्यता असणं वेगळं. रक्तासाठी धातूमुक्त ट्यूब वापरणार का? या तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली की पुढे जा.

१८. शौच काळी येते. धातूच असणार?

लोहाच्या गोळ्या आणि बिस्मथ यांनी काळी होते, ती निरुपद्रवी. गोळ्या चालू नसताना डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची होत असेल तर तो पोटातला रक्तस्राव असू शकतो. धातूंचा विचार सोडा आणि आजच दवाखान्यात जा.

१९. घरी पारद शिवलिंग आहे. त्यावरून पडलेलं तीर्थ आम्ही घेतो. चालेल का?

पूजा करा, पण ते तीर्थ, विशेषतः त्यावर ठेवलेलं दूध, पिऊ नका. पारद म्हणजे पारा, आणि ही पिंडी पारा व दुसऱ्या धातूच्या मिश्रणाची असते. तीर्थासाठी तांब्याची किंवा दगडाची वेगळी पिंडी ठेवा. पारद तापवू नका, समई आणि उन्हापासून लांब ठेवा. बरीच वर्षं घेत असाल तर लघवीतला पारा तपासा.

२०. मुलीनं थर्मामीटर चावला, पारा गिळला. शौच तपासायला आणू?

गिळलेला चकाकता पारा आतड्यातून जवळपास शोषला जात नाही, दहा हजारांत एक भागही नाही. तो शौचावाटे जाईल, तपासून काही नवं कळणार नाही. तोंडात काच टोचली आहे का ते बघा आणि डॉक्टरांना फोन करा. खरा धोका जमिनीवर सांडलेल्या थेंबांचा. त्यांची वाफ मूल श्वासातून घेतं. मुलांना दुसऱ्या खोलीत न्या, खिडक्या उघडा, पंखा बंद ठेवा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका. दोन जाड कागदांनी थेंब एकत्र ढकलून झाकणाच्या बरणीत भरा, बारीक थेंब चिकटपट्टीनं टिपा. बरणी घट्ट बंद करून घराबाहेर ठेवा, मोरीत ओतू नका.